पाचर

पाया

मेरनने दगड उचलला, एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला आणि तो कुठेच बसेना तेव्हा पोटाशी धरून ती भिंतीच्या कडेने तीन पावलं सरकली. काठी मागेच राहिली, भिंतीला टेकलेली. चौथ्या पावलाला जागा सापडली. दगड आत गेला, बुडाशी एकदा कुरकुरला आणि गप्प झाला.

"काठी कुठाय तुझी?" मागून आवाज आला.

मेरनने वळून पाहिलं नाही. बोटीचा भोंगा तिने अर्ध्या तासापूर्वी ऐकला होता. धक्क्यापासून इथवर चालत यायला अर्धा तासच लागतो. आणि मंगळवारच्या बोटीने हॅवरसे बेटावर उतरून पहिला प्रश्न काठीबद्दल विचारणारी जगात एकच बाई होती.

"तिथे आहे. विश्रांती घेतेय," मेरन म्हणाली. "माझ्यापेक्षा तीच लवकर थकते."

लॉर्नाने बॅग गवतावर ठेवली. बॅग जड होती. आत काहीतरी धप्पकन तळाशी बसलं. ऑर्कनी बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावरच्या इस्पितळात ती हाडांच्या वॉर्डची मुख्य नर्स होती. वय अठ्ठेचाळीस. रोज ज्या नजरेने ती अनोळखी म्हाताऱ्यांची चाल बघायची त्याच नजरेने तिने आईची चाल बघितली: डावा पाय, उजवा पाय, मधला तो झोल.

बेटाभोवती एकच भिंत होती, आणि प्रत्येक घराने तिचा आपापला वाटा सांभाळायचा. जानेवारीच्या वादळात समुद्राने गार्थच्या, म्हणजे मेरनच्या घराच्या, वाट्याची अकरा पावलं भिंत आत ढकलून दिली होती. मे महिन्यात, डॉक्टर नको म्हणत असताना, मेरन बोटीत बसून परत आली होती आणि तेव्हापासून तिने एकटीने सात पावलं उभी केली होती. उरलेल्या चार पावलांत मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलेलं होतं. जाळ्यापलीकडे उतरता किनारा, काळे खडक, ओहोटीत उघडं पडलेलं समुद्रशेवाळ.

"चार राहिलीत," लॉर्ना म्हणाली.

"मोजता येतं तुला अजून."

"आई, खोली मिळालीय. वृद्धांच्या वसाहतीत. शुक्रवारपर्यंत धरून ठेवलीय त्यांनी. शुक्रवारी तू आली नाहीस तर दुसऱ्या कुणाला देतील, आणि मग पुन्हा नंबर लागायला दोन वर्षं."

"दोन वर्षं भर्रकन जातात."

भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूने आधी एक टोपी आली, मग तिच्याखाली सँडर. ब्रेक हे त्याचं घर, गार्थच्या शेजारचं. दोघं एका वर्गात शिकलेली, पण मेरन त्याला घराच्याच नावाने हाक मारायची, आणि तो तिला. मेंढरांच्या पंचांत तो सगळ्यांत जुना. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"काय गं गार्थ, पाहुणी आली वाटतं."

"पाहुणी कुठली. वॉरंट आहे."

"बस की, सँडरकाका," लॉर्ना म्हणाली.

"बसायला नाही आलो." तो जाळ्याकडे बघत होता. "शनिवारी मेंढरं भिंतीबाहेर, किनाऱ्यावर सोडायची. उन्हाळाभर गवत खाल्लं तेवढं पुरे. शेवाळावर जगणारी जात ही; आणखी महिनाभर आत गवतावर राहिली तर डोळे पिवळे पडून मरतील. आणि बाहेर सोडली की जाळं चालणार नाही. एक आत शिरली की सगळी शिरतात. शुक्रवारी सकाळी मी बघायला येतो."

"ये. पुरी असेल," मेरन म्हणाली.

लॉर्नाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे शुक्रवारी सकाळी भिंत पुरी. आणि बोट दुपारी आहे."

"भिंत झाली की बघू."

"'बघू' नको. हात ठेवून म्हण."

सँडरने टोपी सारखी केली नाही, कारण त्याचे हात खिशात होते; पण करावीशी वाटल्यासारखं डोकं हलवलं. हॅवरसेवर लग्नं मोडलेली आहेत, भावाभावांतल्या वाटण्या मोडलेल्या आहेत. भिंतीवर हात ठेवून दिलेला शब्द अजून मोडलेला नाही.

मेरन बराच वेळ लेकीकडे बघत राहिली.

"हे कुठे शिकलीस?"

"याच घरात."

मेरनने उजवा तळहात भिंतीच्या पोटावर ठेवला. नखं तुटलेली होती. "गार्थची भिंत पुरी झाली की मी पहिल्या बोटीने जाईन."

ऐकणाऱ्याने ऐकलं असं म्हणावं लागतं. नाहीतर शब्द हवेत राहतो.

"ऐकलं," सँडर म्हणाला. समुद्राकडे बघत म्हणाला.

भर

*(भिंतीला दोन बाजू असतात. मधे लहानसहान दगड भरतात, बाहेरून न दिसणारे. त्यांच्यावाचून दोन्ही बाजू कोसळतात.)*

जानेवारी. इस्पितळ. लॉर्नाला वरून खाली बोलावून घेतात. बाई दगड सोडत नाही म्हणून. स्ट्रेचरवर आई आहे, अंगावर चंदेरी कागद, ओठ निळे, आणि छातीशी पाचरीसारखा निमुळता दगड, साधारण पावाच्या लादीएवढा. बोटं गारठून त्याच्याभोवती वळलेली. दोघांनी सोडवून बघितली, सुटली नाहीत.

"खाली ठेवू नका," आई म्हणते. एवढंच म्हणते.

"मी धरते," लॉर्ना म्हणते.

तेव्हा बोटं सुटतात.

थर

बुधवारी सकाळी सहाला लॉर्ना बाह्या वर करून उभी होती. हिशोब सरळ होता. बांधायची चार पावलं, हातात तीन सकाळी. भिंत आईने एकटीने बांधली तर आठवडा जाईल. दोघींनी बांधली तर शुक्रवारपर्यंत होईल. गार्थच्या वाट्याच्या दगडांना गार्थचाच हात लागावा लागतो, आणि लॉर्नाचा हात, तीस वर्षं शहरात राहूनही, गार्थचाच होता.

"हातमोजे काढ," मेरन म्हणाली. "ऑपरेशन नाही चाललंय."

पहिल्या तासात लॉर्नाने एक दगड उचलला, खाचेत घालून बघितला, फिरवून बघितला, आणि गवतात ठेवून दुसऱ्याकडे हात घातला.

मेरन थांबली. "काय केलंस?"

"बसला नाही."

"तू बसवला नाहीस. उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, हे विसरलीस? हातात आला की त्याची जागा शोधायची. पोटाशी धरून बेटाला फेरी मारावी लागली तरी."

"आणि चुकीचा उचलला तर?"

"उचलायच्या आधी डोळे कुठे होते?"

लॉर्नाने तो दगड पुन्हा उचलला. जागा शोधायला तिला पाव तास लागला. तेवढ्यात आई पुढे तीन दगड बसवून मोकळी झाली. पण दहा वाजेपर्यंत लॉर्नाच्या बोटांना काहीतरी आठवू लागलं. दगड उचलायच्या आधीच त्याची पाठ कुठे, पोट कुठे हे दिसू लागलं. एकदा तिने न बघता हात मागे केला आणि हवा तोच दगड हाती आला. तिने चटकन आईकडे बघितलं. आईने बघितलं नव्हतं. किंवा तसं दाखवलं.

अकराच्या सुमाराला विल्मा आली. विल्मा बेटाचं पोस्ट सांभाळायची, आणि पोस्टातच पाव, दिवे आणि बातम्या मिळत. पावाची पिशवी तिने गळ्यात अडकवली होती, कारण दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. दुसऱ्याच्या वाट्याच्या भिंतीजवळ हात खिशात ठेवून जायचं. हात मोकळे असले की माणसाला राहवत नाही, वाकडा दगड सरळ करावासा वाटतो, आणि तिथून भांडणाला सुरुवात होते.

"काय गार्थ, मजूर ठेवलास वाटतं," विल्मा म्हणाली.

"फुकटचा आहे. खातो फार."

"शहरातला का?"

"शहरातलाच. मिनिटामिनिटाला पाठ धरतो."

"मी इथेच उभी आहे," लॉर्ना म्हणाली.

"तेच म्हणतेय. उभीच आहेस."

विल्मा हसली, मान पुढे करून पिशवी उतरवून घेऊ दिली, आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाली, "मांजर मी घेईन."

मांजराचं नाव कोणीच काढलेलं नव्हतं.

"दूध गरम लागतं तिला," मेरन म्हणाली.

"लागेल. आमच्याकडे आली की गार प्यायला शिकेल." विल्माने हनुवटीने पलीकडे दाखवलं. "नऊ धुरांडी पेटतात बेटावर. गार्थचं विझलं की आठ. गार्थचा वाटा मग ब्रेककडे जाणार. सँडर अठ्ठ्याहत्तरचा आहे. ब्रेकचा वाटा पुढे कुणाकडे, ते सांग मला." हे ती लॉर्नाला म्हणाली.

"विल्मा, मला भिंतीतलं कळत नाही. हाडांतलं कळतं. पुन्हा पडली तर ती उठणार नाही."

"उठेल म्हणून कोण म्हणतंय? इथे पडेल, एवढंच."

विल्मा पाठ फिरवून गेली. बरंच अंतर गेल्यावर तिने हात खिशातून बाहेर काढले.

भर

त्याच्या आधी. जानेवारी. संध्याकाळचे चार, उजेड संपत आलेला. गार्थच्या धुरांड्यातून धूर नाही हे सँडर आपल्या खिडकीतून बघतो आणि टोपी घालतो.

ती भिंतीच्या आतल्या बाजूला गवतात पडलेली आहे. एक पाय जसा असू नये तसा.

"कधीपासून आहेस?" तो गुडघ्यावर बसत विचारतो.

"सकाळपासून. आंघोळ करून आले असते तर बरं झालं असतं."

तो तिच्या छातीवरचा दगड उचलून बाजूला करायला जातो.

"हात खिशात घाल, ब्रेक," ती म्हणते. "गार्थचा आहे तो."

आणि सँडर, जो आयुष्यात दोनदाच रडला आहे, खरोखर हात खिशात घालतो. मग काढतो आणि धावत सुटतो.

आरपार

काही दगड भिंतीच्या एका अंगाने आत शिरतात आणि दुसऱ्या अंगाने बाहेर निघतात. ते दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधतात. लांब असतात, जड असतात, आणि उचलायला दोन माणसं लागतात. सात पावलांत मेरनने ते कसे चढवले होते हे लॉर्नाने गुरुवारी सकाळी विचारलं.

"फळी लावून. ढकलत."

"एकटीने?"

"नाही. काठी होती सोबत."

गुरुवारी दोघींनी चार आरपार दगड चढवले. चौथ्याला मेरनचा पाय लटपटला. लॉर्नाने तो झोल दगडाच्या दुसऱ्या टोकाकडून, आपल्या मनगटांत ओळखला.

"खाली घे, आई."

"उचललाय."

"आई, खाली घे म्हणते."

"आणि मी म्हणते उचललाय. तुझं टोक वर कर, बडबड नको."

लॉर्नाने वर केलं. दगड गेला. दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, धापा टाकत, एकमेकींकडे न बघता. खाली खडकांवर मासा खाऊन एक सील पहुडला होता आणि त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

"एक विचारू?" लॉर्ना म्हणाली.

"विचार. बसायचं निमित्त तेवढंच."

"तू सावकाश का नाही बांधत?"

मेरनने पदर झटकावा तसा एप्रन झटकला. दगडाची भुकटी उडाली. "म्हणजे?"

"तुला कळलंय मी काय म्हणतेय ते. भिंत झाली की जायचं, हा तुझा शब्द. मग तू सावकाश बांधशील असं मला वाटलं होतं. म्हणून तर मी हात लावला. तू तर माझ्यापेक्षा भराभर बांधतेस."

"शनिवारी मेंढरं बाहेर जायचीत. त्यांना माझ्या शब्दाशी काय देणंघेणं?" मेरनने एक लहान दगड उचलून भरीत दाबला. "आणि गार्थची शेवटची भिंत रडतखडत झाली असं मागाहून कुणी म्हणायला नको. विल्मा तर पावाबरोबर ही बातमी वाटेल."

संध्याकाळी भिंत छातीएवढी झाली. फक्त माथा राहिला. मेरनने घरी येऊन कपबशा धुतल्या, पुसल्या, आणि नेहमीच्या फळीवर न ठेवता एका खोक्यात वर्तमानपत्र घालून ठेवल्या. दारापाशी तिची सूटकेस होती. लहान होती. लग्नात ती या घरात जेवढं सामान घेऊन आली होती तेवढ्यापुरतीच तिच्यात जागा होती, आणि तीही पुरी भरलेली नव्हती.

"तिथे खिडकीतून काय दिसतं?" तिने विचारलं.

लॉर्नाने खोली दोनदा बघितली होती. "गाड्या उभ्या करायची जागा."

"बरं."

"पलीकडे झाड आहे एक."

"कसलं?"

"विचारलं नाही."

मेरनने पेल्यातला चहा हलवला. "सकाळी काय करायचं तिथे?"

"आठला चहा देतात. खोलीत आणून देतात."

"मी पाचला उठते."

"मग आठपर्यंत पडून राहायचं, आई. आराम करायचा."

"जानेवारीत पडून राहिले की. सहा तास," मेरन म्हणाली. "पुरे झालं तेवढं."

मांजर येऊन सूटकेसवर बसलं. लॉर्ना त्याला उठवायला गेली आणि मग तिने त्याला बसू दिलं.

"माझा दगड काय केलास?" मेरनने अचानक विचारलं.

"कुठला?" लॉर्ना म्हणाली, पण तिला माहीत होतं. "स्वयंपाकघराच्या दाराला लावला होता. वाऱ्याने आपटायचं ते."

"लावला होतास ना? म्हणजे कामाला लावलास. मग चालेल." मेरन उठली. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला आणि लॉर्ना बघते आहे हे बघून तो सोडला. "कुठाय आता?"

"बॅगेत. घेऊन आलेय."

"कशाला आणलास?"

हे लॉर्नाने स्वतःलाही बोटीवर विचारलं होतं. "तुझा आहे म्हणून," ती म्हणाली.

"पाचरीचा आहे तो," मेरन म्हणाली. "माथ्याच्या शेवटच्या दोन दगडांमधला. उद्या लागेल."

भर

त्याच्या आधी. जानेवारी. गवतातून आकाश वेगळं दिसतं, आणि भिंत तर फारच वेगळी. सगळे दगड खालून बघितले की त्यांच्या हनुवट्या दिसतात. पाय दुखत होता तो आता दुखत नाही, आणि हे बरं लक्षण नाही हे तिला कळतं. ती लेकीचा विचार करत नाही. देवाचाही नाही. छातीवरचा दगड निमुळता आहे, एका बाजूला सपाट, म्हणजे तो भिंतीच्या अंगातला नाही, माथ्यावरचा आहे. आणि माथा होईपर्यंत तो धरून ठेवायचा आहे.

त्याच्या आधी: पडणं. ओला दगड, टाच, एक आवाज.

त्याच्याही आधी: वादळ रात्रीच ओसरलंय. बाकीच्या आठही घरांत लोक चहा पीत खिडकीतून पडलेल्या भिंती मोजतायत आणि वसंतात बघू म्हणतायत. गार्थची बाई एकटी बाहेर पडते, समोर पडलेल्या अकरा पावलांकडे बघते, बाह्या वर करते, वाकते.

दगड उचलते.

माथा

शुक्रवारी अकरा वाजता माथ्याचे दगड उभे राहिले होते, खणातल्या वह्यांसारखे एकाला एक लागून. जाळं सोडून गुंडाळून ठेवलं होतं. मेरनने धुतलेला कोट घातला होता, बोटीचा. सूटकेस गवतात होती. काठी भिंतीला टेकलेली होती.

सँडर आला. त्याच्यामागे, पोस्ट बंद करून, विल्मा आली. दोघांचे हात खिशात. सँडर अकरा पावलं चालत गेला आणि परत आला. वाकून भिंतीच्या रेषेवर डोळा लावला. आरपार दगडांची टोकं मोजली. कुठेही थांबला नाही, आणि भिंतीची याहून मोठी तारीफ त्याला करता येत नव्हती.

"शेवटचं हे कुणी बांधलं?" त्याने चार पावलांकडे हनुवटी केली.

"मजुराने," मेरन म्हणाली.

"बरा आहे मजूर."

"ठीक आहे. उशिरा शिकला."

माथ्यावरच्या शेवटच्या दोन दगडांमध्ये एक फट होती, वर रुंद, खाली निमुळती. बाकी सगळी भिंत त्या फटीकडे किंचित कललेली वाटत होती. पाचर त्यात बसली की सगळे दगड एकमेकांना आवळून धरतात. मग पंचाने तळहाताने थाप मारायची. वाजली नाही तर पुरी.

दूर वळणावर बोट दिसली. अजून लहान होती.

"आण आता," मेरन म्हणाली. "आणि तूच बसव. माझा हात वर पोचत नाही."

हे खोटं होतं. तिने माथ्याचे सगळे दगड स्वतः लावले होते. लॉर्नाने आईकडे बघितलं. मेरन ताठ उभी होती, बोटीच्या कोटात, हनुवटी वर, डावा पाय जमिनीत रोवून. शब्द पाळणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. त्यात कुठेही विनवणी नव्हती. लॉर्नाने शोधली, पण नव्हती.

तिने बॅग उघडली. दगड हातात आला तेव्हा ओळखीचा लागला: सात महिने पायाने सरकवलेला, दाराखालून येणाऱ्या वाऱ्याने गार राहिलेला. एका बाजूला सपाट. तिने तो फटीवर धरला आणि न बघता फिरवला. बोटांना जागा माहीत होती. दगड आत उतरू लागला, दोन्ही बाजूंनी कुरकुरला, आणखी अर्धा इंच. एक ठोसा पुरला असता. तिच्या तळहाताखाली अकरा पावलं भिंत श्वास रोखून धरल्यासारखी थांबली होती.

बोटीने भोंगा दिला.

लॉर्ना थांबली. मग तिने दगड फटीतून वर काढला.

"हा बसत नाही," ती म्हणाली.

लॉर्ना दगड हातात धरून उभी होती. मग ती वाकली आणि तिने तो गवतात ठेवला.

विल्माच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, दुधाचं भांडं लवंडल्यावर निघावा तसा.

"काय केलंस?" मेरन म्हणाली. आवाज खाली होता.

"खाली ठेवला."

"गार्थमध्ये हातातला दगड कोणी खाली ठेवला नाही आजवर."

"आता ठेवला." लॉर्नाचा चेहरा लाल झाला होता. हात कमरेवर होते. ती सवय कुणाची होती हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. "बसत नाही तर काय करू? कोंबू? फुटेल."

सँडरने उजवा हात खिशातून काढला. तो पुढे आला, फटीकडे त्याने बघितलं, गवतातल्या दगडाकडे बघितलं नाही, आणि माथ्यावर थाप मारली.

दगड वाजले. अगदी थोडे, कपाटात कप हलावेत इतके.

"वाजतंय," तो म्हणाला.

"वाजतंय," विल्मा म्हणाली.

"मेंढरं काही एवढ्याशा फटीतून उडी मारत नाहीत. उद्या सोडू त्यांना. पण वाजतंय म्हणजे पुरी नाही." त्याने हात परत खिशात घातला. "मी पुरी आहे असं म्हणू शकत नाही, गार्थ. पंच आहे मी."

"पाचरीचा दगड पटकन मिळत नाही," विल्मा पावाचा भाव सांगावा तसं म्हणाली. "आमच्या आजोबांना एकदा चार वर्षं मिळाला नव्हता."

मेरन लेकीकडे बघत होती. मंगळवारी बघितलं होतं तितकाच वेळ. खाली बोट धक्क्याला लागत होती. कोणीतरी दोर फेकला, कोणीतरी झेलला.

"तू तरी बोटीत बस," ती शेवटी म्हणाली. "ड्यूटी असेल तुझी."

"आहे. सोमवारी." लॉर्नाने बॅग उचलली. आता ती हलकी होती. "पुढच्या महिन्यात येईन. दगड शोधायला."

"ये. हातमोजे नको आणूस."

सँडर आणि विल्मा आधीच वळून चालू लागले होते, बोटीवर चढवायचं सामान बघायला. लॉर्ना दहा पावलं गेली आणि थांबली. आईची सूटकेस तिथेच गवतात होती. उचलून घरी नेऊन ठेवावी का असं तिला वाटलं. पण मेरनने तेवढ्यात हात पुढे केला होता.

"काठी दे गं ती," मेरन म्हणाली.

लॉर्ना परत आली. तिने काठी दिली. मग ती उतारावरून धक्क्याकडे निघाली आणि तिने मागे पाहिलं नाही, म्हणून पुढचं तिला दिसलं नाही.

मेरनने काठीवर भार टाकला, गवतातल्या दगडापाशी गेली, आणि काठीच्या टोकाने तो जरा आणखी आत सरकवला, जिथे गवत उंच होतं.